आमच्या घरातला केलर

वर्ध्याला बसस्टँडजवळच्या एका कॉम्प्लेक्सच्या तळघरात आमचा जर्मनचा क्लास भरायचा. वर झेरॉक्सचं दुकान, मोबाइल दुरुस्तीवाला, बाजूला चहाची टपरी, आणि पंधरा पायऱ्या उतरून खाली आम्ही बावीस नर्सेस. पावसाळ्यात भिंतींना ओल यायची. फोनला रेंज नसायची. जर्मनीतल्या हॉस्पिटलांना नर्सेस पाहिजेत, भाषा शिका, परीक्षा द्या, पुढचं आम्ही बघतो, असं सांगणारी एक एजन्सी होती. तिच्याच जोरावर हा क्लास चालायचा.

सुरुवातीच्या दिवसांत मॅडमनी फळ्यावर जर्मन घराचं चित्र काढलं. छप्पर, खोल्या, जिना आणि सगळ्यात खाली, जमिनीच्या पोटात, एक चौकोन. त्या चौकोनात त्यांनी लिहिलं, केलर.

"तिकडे प्रत्येक बिल्डिंगला असतो," त्या म्हणाल्या. "बटाटे, मुरंब्याच्या बाटल्या, सायकली, जुनं सामान, सगळं त्यात. आणि गंमत सांगते, हा शब्द मुळात त्यांचासुद्धा नाही. रोमन लोकांकडून उसना घेतलेला. आता तुम्ही त्यांच्याकडून घ्या."

आम्ही तो लगेच घेतला. आठवड्याभरात क्लासचं नावच केलर पडलं. "केलरात पोचली का?" "आज केलरात पाणी आलं म्हणते." टपरीवाल्या काकांनीही उचलला. वरून ओरडायचे, "केलरात किती कटिंग?" त्यांना त्याचा अर्थ कोणी सांगितला नव्हता. त्यांना तो आमच्या क्लासचंच नाव वाटायचा.

मी आणि माझी मैत्रीण एकाच गावच्या. तळेगावच्या पुढे, आष्टी तालुक्यात आमचं गाव. आमचं घर गावात मोठं. संत्र्याचा बगीचा, कपाशी, दारात ट्रॅक्टर. तिचं घर ओढ्यापलीकडे, बौद्ध वस्तीत. तिचे वडील ग्रामपंचायतीत शिपाई होते आणि आई दुसऱ्यांच्या वावरात निंदायला जायची, कधी आमच्याही. शाळेत आम्ही एका वर्गात असूनही फारशा बोललो नव्हतो. नर्सिंग कॉलेजला योगायोगाने एका खोलीत आलो आणि मग मैत्री जडलीच. पुढे नोकरीही वर्ध्यातल्या एकाच खाजगी दवाखान्यात लागली आणि आम्ही मिळून एक खोली भाड्याने घेतली. माझी आई खोलीवर यायची तेव्हा पिण्याच्या पाण्याची बाटली घरून भरून आणायची. "मले बाहेरचं पाणी बाधते," म्हणायची. मैत्रीण हसून म्हणायची, "हाव ना मावशी, बाधतेच पाणी." मला दोघींचंही कळायचं. मी काही बोलायची नाही.

जर्मन तिला येत होतं आणि मला येत नव्हतं, हे सांगून टाकते. तिचं डोकं त्या भाषेला असं लागलं की मॅडम तिच्याकडे बघूनच शिकवायच्या. प्रत्येक वस्तू पुल्लिंगी की स्त्रीलिंगी की नपुंसकलिंगी, ती एकदा ऐकून लक्षात ठेवायची. मला सकाळी पाठ केलेलं दुपारी आठवत नसे. मॅडम पुण्याच्या. आमच्या उच्चारांवर त्यांचा फार राग. एकदा मला उभं करून एकच शब्द अकरा वेळा म्हणायला लावला आणि शेवटी म्हणाल्या, "जिभेला कापूस गुंडाळून आलात का? बसा. यांच्याकडून शिका जरा." यांच्याकडून म्हणजे माझ्या मैत्रिणीकडून. सगळे हसले. तीही हसली, थोडीशीच, पण हसली.

ती मला रोज सकाळी ड्यूटीआधी तासभर शिकवायची. गॅसवर चहा ठेवून विचारायची, "केलर? बोल पटकन."

"पुल्लिंगी."

"अन् खिडकी?"

"... स्त्रीलिंगी?"

"मराठीत वं! जर्मनमध्ये सांग." आणि स्वतःच हसत सुटायची.

एजन्सीचा फॉर्म भरायचा दिवस आला. त्यात एक प्रश्न होता, पूर्वी कुठला गंभीर आजार झाला आहे का. ती पेन हातात धरून थांबली. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला तिला टीबी झाला होता. मुलांच्या वॉर्डात पोस्टिंग असताना लागला असावा. सहा महिने गोळ्या. वर्गाला आम्ही कावीळ म्हणून सांगितलं. गोळ्या मी आणायची, रोज समोर उभी राहून गिळायला लावायची, ती उलट्या करायची तेव्हा बादली धरायची. त्या गोळ्यांनी लघवी नारिंगी होते, तर ती म्हणायची, "पाह्य, तुमच्या बगीच्यातला रस." ती पूर्ण बरी झाली. तपासण्या स्वच्छ आल्या. हे डॉक्टरांना, तिच्या आईला आणि मला, एवढ्यांनाच माहीत होतं.

"लिहू का?" तिने विचारलं.

"कायले लिहितं? बरी झाली ना आता. उगीच त्यायच्या डोक्यात भरवाचं."

"खरं म्हणतं?"

"हाव. नाई म्हणून लिही."

तिने 'नाही' लिहिलं. माझ्या सांगण्यावरून लिहिलं.

मग तो दिवस. मुलाखतींच्या आधी मॅडम सगळ्यांना बोलतं करत होत्या. विषय दिला, 'माझं घर'. प्रत्येकीने पाच वाक्यं बोलायची. माझी पाळी आली. खोल्या किती, माणसं किती, एवढं सांगून झालं. मॅडमचा चेहरा कंटाळलेला. आणि मला एकदम सुचलं. आमच्या घरी पेव होतं. अंगणात जमिनीखाली, रांजणासारखं खणलेलं, आतून शेणामातीने सारवलेलं आणि तणसाने मढवलेलं, ज्वारी साठवायचं. माझ्या जन्माआधीच बुजवलं, वर सिमेंटचा कोबा केला आणि त्यावर आता ट्रॅक्टर उभा राहतो. मी अडखळत जर्मनमध्ये म्हणाले, आमच्या घरीही पूर्वी केलर होता. मोठा होता. त्यात धान्य होतं. आमचं कुटुंब गावाला धान्य देत होतं.

मॅडमनी भुवया उंचावल्या. "वा! आज बोललात. केलर, भारतात! बघा, शब्दाचा किती छान उपयोग केला." त्या वर्गाकडे वळल्या. "यावर कोणी काही विचारेल? प्रश्न तयार करा."

माझी मैत्रीण उभी राहिली. तिने प्रश्न विचारला नाही. एक वाक्य बोलली. न अडखळता, शेवटचं क्रियापद शेवटी ठेवून.

मला ते लगेच कळलं नाही. मी मनात शब्द लावत बसले. हिच्या. कुटुंबाच्या. केलरात. माझ्या आजोबांचा. भाऊ. आणि शेवटचा शब्द मेला की मेलेला, तो आठवेपर्यंत मॅडम बोलूनही गेल्या होत्या.

"अगदी बरोबर! मरणे या क्रियापदाला कोणतं सहायक घ्यायचं, इथे सगळे चुकतात. यांनी बरोबर घेतलं. सगळ्यांनी लिहून घ्या हे वाक्य."

आणि एकवीस जणींनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. मीही लिहिलं. हिच्या कुटुंबाच्या केलरात माझ्या आजोबांचा भाऊ मेला.

खोलीवर येऊन चप्पल काढता काढता म्हणाले, "सगळ्यायसमोर काऊन बोलली तू?"

"तू काऊन बोलली? गावाले धान्य देत होते म्हणे."

"मंग? नव्हते देत? आमच्या आजोबानं त्या बाईले दोन पोते जवारी देल्लती. मले माहीत आहे ते गोष्ट."

घरात ती गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले होते. पेवात उतरलेला एक माणूस चक्कर येऊन गेला, आणि आजोबांनी त्याच्या बायकोला दोन पोती ज्वारी दिली. आजोबांच्या मोठ्या मनाचा दाखला म्हणून घरचे ती सांगायचे.

ती पलंगावर बसली. तिने आवाज चढवला नाही. "तुले अर्धी माहीत आहे. मी सांगतो. आमच्या आबानं डोळ्यानं पाह्यलं ते. दीक्षेच्या आधीची गोष्ट. पेव उघडलं का आत हवा खराब राहते. एक दिवस उघडं ठेवा लागते. मंग कंदील सोडून पाह्याचा. विझला तर कोणी उतराचं नाई. तुमच्या आजोबानं कंदील सोडला. विझला."

"मंग?"

"मंग काय? दारात व्यापाऱ्याची बंडी उभी होती न्याले. अन् आभाळ आलं होतं. आबाच्या भावाले म्हणे, उतर. त्यानं म्हटलं, मालक, कंदील विझला. तर म्हणे, वाऱ्यानं विझला असंन. तीन टोपल्या वर आल्या. चौथ्या वेळी दोर हालवला तर खालून आवाज नाई. दोर एकच होता अन् त्याले टोपली बांधलेली. आबा ओढाले धावले, तर वरचे म्हणे, टोपली पयले वर घ्या, भरेल आहे. टोपली वर आली. तिच्यातली जवारी बंडीत रिकामी केली. मंग दोर आबाच्या कमरेले बांधला."

मी म्हटलं, "असं नसंन."

"अन् ते दोन पोते. माणूस मेला त्या जवारीवर. तुमच्या घरचं कोणी ते खाऊन नाई राह्यलं असतं. बंडीतलीही उतरवून ठेवली व्यापाऱ्यानं, विटाळ झाला म्हणून. तेच देल्ली मोठ्या आईले, त्याच्या बायकोले. थे जवारी."

"अन्?"

"अन् काय? खाल्ली आम्ही. उपाशी मराचं होतं का?"

मग ती उठली आणि तिने कुकर लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नेहमीसारखा चहा ठेवला, वही उघडली आणि म्हणाली, "चल, काल जे झालं ते झालं. बोलून झालं माह्यं. तुह्यी मुलाखत आहे दहा दिवसांवर. पेशंटचं उत्तर पाठ कर." तिच्याकडून ते खरोखरच संपलं होतं. मला तेच सहन झालं नाही. तिने रडावं, भांडावं, अबोला धरावा, म्हणजे मलाही चिडायला जागा मिळाली असती. ती मात्र माझे उच्चार दुरुस्त करत बसली.

रविवारी मी गावी गेले. बाबा अंगणात, त्या कोब्यावर, ट्रॅक्टरच्या सावलीत खुर्ची टाकून बसले होते आणि संत्रं सोलत होते. मी सरळ विचारलं. कंदील विझला होता का?

त्यांनी एक फोड तोंडात टाकली. "हाव. विझला होता म्हणत तुह्ये आजोबा. मंग काय करता, पाऊस डोक्यावर होता. दोन वर्साची जवारी सडली असती."

"अन् ते दोन पोते?"

"देल्ली ना. वाया थोडी जाऊ द्याची होती?" मग ते माझ्याकडे नीट बघायला लागले. "कोणं सांगितलं तुले? त्या पोट्टीनं?"

मी सांगितलं, क्लासमध्ये सगळ्यांसमोर बोलली म्हणून.

"पाह्य आता," बाबा म्हणाले. "इथं बोलली, उद्या तिकडं परदेशात जाऊन हेच सांगत फिरंन. तू तिच्यासंगं जाशील अन् ते तुह्या मागं हे घेऊन येईल. तुले कोण विचारंन तिथं?" आणि उरलेलं संत्रं माझ्या हातात ठेवलं. "घे. या साली गोड निंगाले."

मी ते खाल्लं. गोड होतं.

वर्ध्याला परत येताना बसमध्ये मी बाबांना मनात खूप बोलले. त्या मेलेल्या माणसाबद्दलही वाईट वाटून घेतलं. पण वर्धा जवळ आलं तोवर डोक्यात एकच उरलं होतं. ती आणि मी एकाच वॉर्डात, परक्या देशात, आणि ती कधीही उभी राहून ते एक वाक्य बोलू शकते. बरोबर व्याकरणात.

दोन दिवसांनी एजन्सीच्या सरांनी मला कागद तपासायला वर झेरॉक्सच्या दुकानात बोलावलं. पासपोर्ट, मार्कलिस्टा, रजिस्ट्रेशन, सगळं होतं. ते फाईल बंद करत होते तेव्हा मी म्हणाले, "सर, एक विचारायचं होतं. आधी कधी टीबी होऊन गेला असेल तर तिकडे चालतं का?"

त्यांनी मान वर केली. "तुम्हाला झाला होता?"

"मला नाही सर."

"मग कोणाला?"

"असंच विचारलं."

ते माझ्याकडे बघत राहिले. "रूममेटला?"

मी खाली बघितलं. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. झेरॉक्सच्या मशीनमधून कोणाचे तरी कागद बाहेर पडत होते आणि मी ते मोजल्यासारखे बघत उभी राहिले.

"फॉर्मवर तर नाही लिहिलंय त्यांनी," सर म्हणाले. "बरं झालं सांगितलंत. तिकडे गेल्यावर निघालं असतं तर आमचीच बदनामी."

"सर, माझं नाव..."

"छे छे."

बाहेर येऊन मी तर्री पोहे खाल्ले. तिखट जास्त घ्यायला सांगितलं. घास नीट उतरला, पोट दुखलं नाही, रात्री झोपही लागली. पश्चात्ताप तेव्हाच सुरू झाला असं मी लोकांना सांगू शकले असते, पण तसं झालं नाही. मला फार हलकं वाटलं होतं.

मुलाखतीपर्यंत ती मला रोज शिकवत राहिली. तिला काही माहीत नव्हतं. मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो, तुम्ही काळजी घेतलेल्या एखाद्या पेशंटबद्दल सांगा. त्यासाठी तिने मला उत्तर लिहून दिलं होतं, खुबा मोडलेल्या एका म्हातारीचं. वाक्यं छोटी, मला झेपतील अशी. "घाबरू नको," म्हणायची. "अडकली तर श्वास घे अन् 'तेव्हा' म्हण. 'तेव्हा' म्हटलं का पुढचं आपोआप येते."

मुलाखतीच्या दिवशी आम्ही सगळ्या इस्त्रीचे कपडे घालून केलरात बसलो होतो. खाली रेंज नव्हती म्हणून मुलाखती वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात, मोठ्या स्क्रीनवर होणार होत्या. सर यादी घेऊन खाली आले. नावं वाचली. तिचं नाव त्यात नव्हतं.

ती उठली. "सर, माझं राहिलं."

"तुमचं पुढच्या बॅचला बघू."

"का सर?"

"आपण नंतर बोलू."

"पण सर, माझे मार्क तर..."

त्यांना घाई होती, वर स्क्रीन सुरू झाली होती. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "माहिती लपवणाऱ्यांना आम्ही पाठवत नाही. टीबीची गोष्ट फॉर्मवर लिहायला पाहिजे होती तुम्ही."

तिथे बसलेल्या सगळ्या शिकलेल्या नर्सेस होत्या. बरा झालेला टीबी दुसऱ्याला लागत नाही हे प्रत्येकीने परीक्षेत लिहिलेलं होतं. तरी तिच्या उजवीकडे बसलेलीने आपली पाण्याची बाटली उचलून मांडीवर घेतली. मागच्या एकीने खुर्ची सरकवली, तिचा आवाज झाला. मॅडम फळा पुसायला लागल्या. फळा कोराच होता.

मैत्रिणीने माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग तिने वही, पेन, ओढणी असं एकेक उचललं आणि पंधरा पायऱ्या चढून गेली.

तासाभराने माझा नंबर लागला. स्क्रीनवर पांढऱ्या केसांची एक जर्मन बाई होती, चेहरा प्रेमळ. तिने दोन सोपे प्रश्न विचारले. मग तो तिसरा. काळजी घेतलेल्या पेशंटबद्दल सांगा. मी खुब्याच्या म्हातारीचं पहिलं वाक्य म्हटलं आणि पुढे सगळं पुसलं गेलं. मी श्वास घेतला. मी म्हटलं, तेव्हा. तेव्हा माझी मैत्रीण आजारी होती. तिला टीबी होता. मी सहा महिने रोज गोळ्या दिल्या. ती उलटी करत होती, मी बादली धरली. कोणाला सांगितलं नाही. ती आता बरी आहे.

एवढी सलग मी जर्मन कधीच बोलले नव्हते. तिने शिकवलेली सगळी वाक्यरचना, सगळी लिंगं बरोबर आली. बाईचे डोळे ओलावले. ती म्हणाली, तुम्ही फार चांगली मैत्रीण आहात, आमच्याकडे अशीच माणसं पाहिजेत. सर माझ्या शेजारी बसून मान डोलवत होते.

माझी निवड झाली.

खोलीवर गेले तेव्हा तिचं सामान बांधून झालं होतं. सामान ते काय, एक बॅग, एक बादली, कुकर. कुकर तिचा होता.

"तूच ना?" तिने विचारलं.

मी म्हणाले, "मी सांगितलं नाई. त्यायनं विचारलं."

"अन् तू?"

"मी काही बोलली नाई."

"हाव," ती म्हणाली. "तुमच्या घरचे कायले बोलतीन? खाली हवा नाई हे माहीत राह्यते तुमाले. तरी सोडता."

मला राग आला. खरंच सांगते, त्या क्षणीही मला रागच आला. मी म्हणाले, "तू सुरू केलं. क्लासमध्ये. माह्यी इज्जत घेतली तू."

"एक वाक्य बोलली मी. खरं होतं थे."

"मीही खरंच सांगितलं. टीबी झाला नव्हता तुले?"

तिने बॅग उचलली. दारात थांबून तिने किल्ली कडीवर लटकवली आणि म्हणाली, "फॉर्मवर नाई लिही म्हणणारी तूच होती. म्हणून इचारलं होतं तुले. मले वाटलं, तुले माह्याहून जास्त समजते."

ती तळेगावच्या बसने गावी गेली. महिनाभर तिच्या आईने वस्तीबाहेर तोंड दाखवलं नाही, कारण टीबीची बातमी तिच्याआधी गावात पोचली होती. ती कोणी पोचवली ते मी कधी विचारलं नाही. मी घरी फोनवर सगळं सांगितलं होतं, एवढं मला माहीत आहे. आमच्या वावरात निंदायला येणाऱ्या बायांनी तिच्या आईला आपल्यासोबत डबा खायला बसू देणं बंद केलं, हे आईनेच मला सांगितलं. "बिचारी वावराच्या कडेले धुऱ्यावर एकटी बसते," आई म्हणाली. आवाजात दया होती. मी फोन ठेवून ड्यूटीला गेले.

आणि मीही जर्मनीला गेले नाही. निवड झाली तरी भाषेची मोठी परीक्षा पास व्हावी लागत होती. मी तीनदा बसले, तिन्ही वेळा ऐकण्याच्या भागात नापास झाले. माणसं भराभर बोलायची, मी पहिलं वाक्य लावेपर्यंत ती चौथ्यावर पोचलेली असायची. सकाळी चहा ठेवून लिंगं विचारणारं कोणी नव्हतं. एजन्सीने एक वर्ष वाट बघून नाव काढलं. लोक म्हणतात, करावं तसं भरावं. मला तसं वाटत नाही. मी अभ्यासात कच्ची होते म्हणून नापास झाले. माझ्या नापास होण्याने तिचं काहीच परत आलं नाही.

आता तो क्लास बंद पडलाय. तळघरात कोणीतरी चपलांचं गोदाम केलं. टपरीवाले काका मात्र अजून त्याला केलरच म्हणतात. मागे एकदा माझ्यासमोर त्यांनी टेम्पोवाल्याला सांगितलं, "माल केलरात उतरव, सांभाळून, अंधार आहे." टेम्पोवाल्याने विचारलंही नाही केलर म्हणजे काय ते.

मी अजून त्याच दवाखान्यात आहे. लग्न झालं, सेलूला सासर. रोज वर्ध्याला येऊनजाऊन करते. तिला सरकारी नोकरी लागल्याचं कळलं होतं. एका ग्रामीण रुग्णालयात लागली आणि लवकरच तिथली इन्चार्ज झाली.

गेल्या उन्हाळ्यात सर्पदंशाच्या उपचारांवर एक दिवसाचं प्रशिक्षण होतं. सरकारी आणि खाजगी, दोन्हीकडच्या नर्सेस बोलावल्या होत्या. हॉलमध्ये शिरले तर हजेरीच्या टेबलावर तीच बसलेली. केस थोडे पांढरे, चष्मा, गळ्यात ओळखपत्र. मी दारातच थांबले. मागच्या बायकांनी ढकललं म्हणून पुढे गेले.

"नाव?" तिने विचारलं. वर बघितलं. ओळखलं. तिच्या चेहऱ्यावर काही हाललं नाही. नाव मी सांगायच्या आधीच तिने रजिस्टरमध्ये लिहिलं. स्पेलिंगसकट बरोबर लिहिलं. "कोणत्या वॉर्डाला असता तुम्ही?"

"मेडिसिन," मी म्हणाले. आणि मग, मागे रांग उभी असताना, मी तिचं नाव घेतलं, शाळेत घ्यायचे तसं, अर्धं. "मले बोलाचं होतं तुझ्याशी. लय वर्षांपासून. मी त्या दिवशी..."

"सिस्टर," ती म्हणाली. आवाज मऊ होता, पेशंटच्या नातेवाइकांशी आपण बोलतो तसा. "सही इथं करा तुमची. अन् जेवणाचं कूपन त्या टेबलावर मिळेल तुम्हाला."

मी सही केली. पेन चालेना म्हणून तिने आपलं दिलं. सही झाल्यावर मी ते परत केलं, तिने ते टोपण लावून खिशात ठेवलं आणि माझ्या खांद्यावरून मागे बघितलं.

"पुढच्या मॅडम," ती म्हणाली.